लांबचं नको, जवळचंही नको: रिक्षा, मीटर आणि नकाराचे विनोद

पुण्यात रस्त्याच्या कडेला उभं राहून तुम्ही हात करता. रिक्षा थांबते. रिक्षावाले काका मान बाहेर काढून विचारतात, "कुठे जायचंय?" तुम्ही सांगता. ते एकदा आकाशाकडे बघतात, एकदा तुमच्याकडे बघतात, मान हलवतात आणि निघून जातात. म्हणजे त्यांना फक्त माहिती हवी होती.

हा विनोद पुण्यात ज्याला माहीत नाही, तो बहुधा कालच गावाहून आला असणार. त्याचा पुढचा भागही प्रसिद्ध आहे. तुम्ही स्वारगेट म्हणता, तर उत्तर येतं, "मी डेक्कनला चाललोय, येता का?" म्हणजे कुठे जायचं हे प्रवाशाने ठरवायचं नसतं, रिक्षावाल्याने ठरवायचं असतं आणि प्रवाशाने त्यात स्वतःची सोय बघायची असते. मुंबईकर, बंगळूरकर, चेन्नईकर, दिल्लीकर, सगळ्यांकडे या विनोदाची आपापली आवृत्ती आहे. भारतातल्या शहरांमध्ये रिक्षाइतके विनोद दुसऱ्या कुठल्याच वाहनावर झालेले नाहीत. बसवर लोक चिडतात, लोकलला घाबरतात आणि रिक्षावर हसतात.

असं का होतं? एक सोपं कारण असं, की बसचं तिकीट ठरलेलं असतं आणि टॅक्सीचं दार लावलं की दोघांचे दोन कप्पे होतात. रिक्षात तसं काहीच नसतं. भाडं सरकारने ठरवलेलं असतं, तरी प्रत्येक फेरीला वाटाघाट होते. दार नसतं, काच नसते, रिक्षावाल्याची पाठ तुमच्यापासून हातभर अंतरावर असते. अशा जागी दोन अनोळखी माणसं पंधरा मिनिटं बसली की वाद तरी होतो, नाहीतर गप्पा.

आधी थोडं गाडीबद्दल

'रिक्षा' हा शब्द जपानी 'जिनरिकिशा'वरून आला. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी: माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी. आपण त्यातला माणूसही गाळला आणि इंजिन बसवलं, नाव मात्र राहिलं. मराठीत ती 'रिक्षा', दिल्लीपासून चेन्नईपर्यंत बहुतेकांची 'ऑटो'. पुण्यात एखाद्याने "ऑटो मिळेल का?" असं विचारलं की समोरच्याला लगेच कळतं, पाहुणा बाहेरचा आहे. गोव्यात तर दुचाकीवर मागे बसवून नेणारा 'पायलट' असतो आणि तिथे रिक्षाचा थाट जरा कमीच.

आजच्या रिक्षाची आजी इटलीची. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाजिओ कंपनीने व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ मध्ये तिच्यावर बेतलेली 'आपे' ही तीनचाकी मालगाडी. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. माल वाहणाऱ्या या गाडीत माणसं बसवायची कल्पना भारतात रुजली ती पुण्यात, आणि तिच्याशी नवलमल फिरोदिया यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. पुढे १९५९ मध्ये बजाजला दुचाकी आणि तीनचाकी गाड्या बनवायचा सरकारी परवाना मिळाला. देशभर पसरलेली रिक्षा अशी आपल्या पुण्याच्या अंगणातून गेलेली आहे. त्यामुळे पुणेकराला रिक्षावर टीका करायचा पहिला हक्क आहे असं पुणेकरांचं मत असतं, आणि तसंही ते इतर सगळ्याच बाबतींत असतं.

स्कूटरचे गुण तिच्यात अजून शिल्लक आहेत. स्टिअरिंग नाही, हँडल आहे. जुन्या रिक्षा सुरू करायला बाजूचा लांब दांडा हाताने जोरात वर ओढावा लागे आणि दोन-तीनदा ओढूनही ती खोकत राहिली की मागे बसलेल्याला उगाच अपराधी वाटे. पुढे एकच चाक असल्यामुळे रिक्षावाल्यांचं भूमितीचं ज्ञान वेगळं आहे: पुढचं चाक घुसलं की रिक्षा घुसली. बाकीचा भाग मागून येईलच. वळायचं असेल तर काही जण इंडिकेटरऐवजी डावा पाय बाहेर काढतात. बंद पडलेल्या रिक्षाला दुसरा रिक्षावाला मागून एक पाय टेकवून ढकलत नेतो, हे दृश्य आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात किती कसब आहे हे लक्षातही येत नाही. दोन्ही रिक्षा चालू रहदारीत, एका पायाच्या भरवशावर, गॅरेजपर्यंत.

मीटर नावाचा तिसरा माणूस

रिक्षात दोनच माणसं बोलत असली तरी भांडणात तिसरा असतो, तो म्हणजे मीटर. "मीटर टाका" म्हणजे मीटर सुरू करा. हा शब्दप्रयोग जुन्या यांत्रिक मीटरचा. त्याला एक लोखंडी पट्टी असे, ती वर असली की रिक्षा 'खाली', म्हणजे रिकामी. ती फिरवून खाली पाडली की रिक्षा भरलेली. वर म्हणजे खाली आणि खाली म्हणजे भरलेली, ही गंमत परभाषिकाला समजावून सांगून बघा.

यांत्रिक मीटरची खरी मजा उतरताना होती. भाडं वाढलं तरी मीटरमधले दाते बदलत नसत, म्हणून मीटरवर जुनाच आकडा येई आणि खरं भाडं किती हे छापील कार्डावर बघावं लागे. हे कार्ड कळकट प्लॅस्टिकमध्ये असे, कधी मागच्या वर्षीचं असे, आणि अंधारात ते रिक्षावाल्यालाच नीट दिसे. शाळेत गुणाकार कशासाठी शिकायचा या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या एका पिढीकडे ठोस उत्तर होतं. त्यात 'पळणारा' मीटर हा आणखी एक प्रकार. रिक्षा सिग्नलला उभी आहे, मीटर मात्र पुढे निघून गेलाय.

२०१२च्या आसपास महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि आकडे सरळ रुपयांत दिसू लागले. भाडं कसं ठरवायचं याची सूत्रं आधी हकीम समितीने आणि नंतर खटुआ समितीने सुचवली. पुण्यात सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा दर लागू झाला. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २३ वरून २६ रुपयांवर गेलं. मध्यरात्रीनंतर मुंबईत सव्वापट. कागदावर सगळं स्वच्छ आहे.

मुंबईकर आपल्या रिक्षांचा अभिमान बाळगतो तो या स्वच्छतेसाठी. बसलं की न सांगता मीटर पडतो, उतरताना रुपया-दोन रुपये परत मिळतात, असं तो पुण्याच्या पाहुण्याला ऐकवतो. हे पूर्वीइतकं खरं उरलेलं नाही, पण अभिमान तसाच आहे. अर्थात ही मुंबई म्हणजे उपनगरं. बेट मुंबईत रिक्षाला बंदी आहे. दक्षिणेकडे जाताना वांद्रे आणि सायन इथे रिक्षांचं राज्य संपतं. दादरचा माणूस म्हणूनच रिक्षाबद्दल जरा परक्यासारखं बोलतो.

चेन्नईत उलट गोष्ट. तिथे मीटर ही बराच काळ शोभेची वस्तू होती. बसण्यापूर्वी भाव ठरवायचा, मगच पाय आत ठेवायचा. ऑगस्ट २०१३ मध्ये तमिळनाडू सरकारने पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १२ रुपये असा दर ठरवून मीटर सक्तीचा केला, पण घासाघीस संपली नाही. तिथल्या विनोदांत रिक्षावाला 'नाही' म्हणत नाही. तो 'हो' म्हणतो आणि आकडा सांगतो, की नकार तुम्हीच देता.

नकाराचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे. रिक्षावाले नाही का म्हणतात? विनोदातलं उत्तर असं, की त्यांना लांबचं भाडं नको असतं आणि जवळचंही नको असतं. ऐकायला हे शुद्ध आडमुठेपण वाटतं. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दोन्ही नकारांचं उत्तर मिळतं.

पुण्याचा दर घ्या. सहा किलोमीटरची फेरी: पहिल्या दीड किलोमीटरचे २५, उरलेल्या साडेचारचे ७६.५०. एकूण साधारण १०२ रुपये. किलोमीटरला १७ रुपये पडले. पण तुम्ही शहराच्या टोकाला, नव्याने झालेल्या सोसायटीत राहता आणि तिथून परत यायला कुणी मिळालं नाही, तर रिक्षा बारा किलोमीटर धावली आणि पैसे सहाचेच मिळाले. किलोमीटरला साडेआठ रुपये. यालाच रिक्षावाल्यांच्या भाषेत 'रिकामी मारणं' म्हणतात. 'हाफ रिटर्न द्या' ही मागणी तिथून येते. ती नियमात बसत नाही, पण हिशेबात बसते.

आता जवळचं. स्टेशनबाहेरच्या स्टँडवर रिक्षा अर्धा तास रांगेत उभी आहे. तिचा नंबर आला आणि तुम्ही म्हणालात, "इथेच, पुढच्या चौकात." दहा मिनिटांची फेरी, २५ रुपये, परत येऊन पुन्हा शेवटचा नंबर. एका फेरीला पाऊण तास गेला. दिवसभरात आठ तास असंच चाललं तर दहा फेऱ्या, २५० रुपये. त्यातून गॅस. रिक्षा स्वतःची नसेल तर त्यातूनच मालकाचं रोजचं भाडं. उरलं काय, ते सांगायची गरज नाही.

म्हणजे रिक्षावाल्याला हवं असतं ते मधलं भाडं: तीन-चार किलोमीटरचं, वाहत्या रस्त्यावरचं, जिथे एक उतरला की दुसरा हात करून उभा आहे. मीटर सिग्नलवर थांबल्याचं थोडंफार मोजतो, पण स्टँडवर थांबल्याचं मोजत नाही आणि रिकामं परत आल्याचंही मोजत नाही. सरकार दर ठरवताना सरासरी धरतं. तसं करण्याखेरीज इलाजही नाही. पण रस्त्यावर सरासरी भाडं कुणीच नसतं. एक जण धायरीला निघालेला असतो, दुसरा पुढच्या चौकात. दोघांनाही नाही म्हटलं की सरासरी रिक्षावाल्याच्या बाजूने झुकते. नकार हा मीटरला न जमणारा हिशेब आहे, तो रिक्षावाला तोंडी करतो.

हे समजलं की कारणांची ती सुप्रसिद्ध यादी वेगळ्या कानाने ऐकू येते. "गॅस भरायचाय." "जेवायला चाललोय." "गाडी बदली करायचीय." यातली कारणं कधी कधी खरीही असतात: सीएनजीच्या रांगेत तास जाऊ शकतो आणि पाळीची रिक्षा वेळेत दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागते. पण बऱ्याचदा ती सभ्य नकाराची भाषा असते. "तुमच्या गल्लीतून मला रिकामं यावं लागेल" असं कुणी तोंडावर सांगत नाही. पुणेरी रिक्षावाला तेवढंही सांगत नाही, नुसता समोर बघतो. हा त्याचा स्वभाव की शहराचा, यावर मतभेद आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हिशेब समजला म्हणून नकार योग्य ठरत नाही. रिक्षाचा परवाना सार्वजनिक सेवेसाठी मिळतो आणि भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार गुन्हा आहे. रिकामं परत येण्याचा तोटा रिक्षावाल्याचा असला, तरी पावसात दोन पिशव्या घेऊन सातव्या रिक्षाला हात करणाऱ्या म्हातारीने तो का भरायचा? रिक्षावरचे विनोद याच फटीत तयार होतात. दोघांच्याही बाजूला थोडं सत्य आहे आणि सोडवणारा तिथे कुणी नाही.

माणूस नव्हे, सीट

रिक्षाच्या धंद्याची भाषा ऐकण्यासारखी असते. 'भाडं' म्हणजे पैसेही आणि प्रवासीही. "भाडं घेऊन हडपसरला गेलो होतो" यातलं भाडं म्हणजे तुम्ही. शेअर रिक्षात त्याहून मोठी बढती मिळते, तिथे तुम्ही 'सीट' होता. "चला, एक सीट, एक सीट!" मग भले तुमचं वजन नव्वद किलो असो. दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे 'भवानी'. सकाळी सकाळी पाचशेची नोट काढणाऱ्याने भवानीलाच घोळ घातला असं समजलं जातं.

शेअर रिक्षा ही तशी शहाणपणाची व्यवस्था. वर सांगितलेली दोन्ही दुखणी, लांबचं आणि जवळचं, तिने परस्पर सोडवली. ठरलेला मार्ग, माणशी ठरलेला दर, भरली की सुटली. मुंबईत आणि ठाण्यात स्टेशनबाहेर संध्याकाळी या रिक्षांसाठी ज्या शिस्तीत रांगा लागतात, तेवढी शिस्त आपण लग्नाच्या पंगतीतही दाखवत नाही. नियमाने मागे तिघेच. पण अनेक गावांत चौथी सीट पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. चौथ्या सीटवर बसलेल्याने एक हात मागच्या दांडीला धरायचा, पाय आत ओढायचा आणि हँडल वळलं की पोट आत घ्यायचं. हे धोक्याचं आहे, पोलीस दिसला की त्याला आधी उतरवून चौकापलीकडे चालत यायला सांगतात, आणि तोही निमूटपणे चालत येतो. दंड वाचवण्यासाठी प्रवाशाने पायपीट करायची आणि तिचेही पैसे द्यायचे, अशी सहकारी चळवळ इतरत्र सापडणार नाही.

पश्चिम महाराष्ट्रात हीच व्यवस्था 'वडाप' नावाने खेड्यांपर्यंत गेली. सहा आसनी रिक्षाला तिच्या पुढे आलेल्या नाकामुळे काही भागांत 'डुक्कर' असं नाव पडलं. "डुकरातून आलो" हे वाक्य तिथे कुणालाही खटकत नाही.

काका, मामा, भैया

रिक्षावाल्याला काय म्हणायचं यावरून शहर ओळखता येतं. पुण्यात 'काका' किंवा 'मामा', कोल्हापूर-सांगलीकडे 'भावा' किंवा 'दादा', मुंबईत 'भैया' किंवा 'बॉस'. मुंबईचा 'भैया' ही हाक प्रेमाची की हिणवणारी, हे म्हणणाऱ्याच्या आवाजावर ठरतं. मुंबईतल्या रिक्षांमध्ये भाषेचा प्रश्न अधूनमधून राजकीयही होतो. परवान्यासाठी मराठी येण्याची अट राज्य सरकारने घातली होती, मुंबई उच्च न्यायालयाने ती २०१७ मध्ये रद्द केली. पण रोजच्या प्रवासातली भाषेची गंमत निराळीच आहे. रिक्षावाला आणि प्रवासी अंधेरीपासून गोरेगावपर्यंत मोडक्या हिंदीत बोलत राहतात. उतरताना प्रवाशाला घरून फोन येतो, तो मराठीत बोलतो, आणि रिक्षावाला मागे वळून म्हणतो, "अहो, मग आधीच सांगायचं ना! आम्ही साताऱ्याचे." मग सुट्ट्या पैशांवरून होऊ घातलेलं भांडण गावाच्या चौकशीत विरून जातं.

सुट्टे पैसे हा तर स्वतंत्र विषय होता. होता म्हणायचं कारण, आता पुढे क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि "रुपये प्राप्त झाले" अशी घोषणा ऐकल्याशिवाय रिक्षावाला हलत नाही. ४७ रुपये झाले तर ४७च. पूर्वी ४७चे ५० होत आणि त्या तीन रुपयांवरून दोन्हीकडची नीतिमत्ता तपासली जाई. प्रवाशाला वाटे, याच्याकडे सुट्टे असूनही देत नाही. रिक्षावाल्याला वाटे, हॉटेलात वेटरला दहा रुपये ठेवणारा माणूस इथे तीन रुपयांसाठी उभा राहतो. खरं तर दोघांचंही बरोबर असे.

गप्पांचे विषय मात्र टिकून आहेत: खड्डे, मेट्रोचं खोदकाम, मुलांच्या शाळेची फी, आणि "तुमच्याकडे पाणी येतं का?" रिक्षावाला दिवसभर वेगवेगळ्या माणसांचं ऐकतो, म्हणून निवडणुकीच्या काळात गावाहून आलेले पत्रकार स्टेशनबाहेर पहिली मुलाखत त्याचीच घेतात. तो समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखून उत्तर देतो.

पाठीवरचं लिखाण

रिक्षाची मागची बाजू हे शहरातलं सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान असावं, कारण सिग्नलला दुसरं वाचायला काही नसतं. वर देवाचं नाव: आई तुळजाभवानी प्रसन्न, जोतिबाच्या नावानं चांगभलं. त्याखाली मुलांची नावं, बहुधा वयाच्या क्रमाने. तिसरं मूल झालं की रंगाऱ्याची पंचाईत होते. 'आईचा आशीर्वाद' हे सगळ्यांत जास्त. बापाचा आशीर्वाद क्वचित दिसतो, बहुधा तो कर्जाचे हप्ते भरत असतो. कोल्हापूरकडे 'नाद खुळा' आणि 'नाद करायचा नाही' अशी ताकीद. जळणाऱ्यांना उद्देशून लिहिलेली वाक्यं तर प्रत्येक शहरात आहेत. रिक्षावाल्यावर नेमकं कोण जळत असतं हा प्रश्न विचारू नये. ती त्याची एकमेव मालमत्ता असू शकते आणि तिचा दिमाख त्याला मिरवायचा असतो.

हा दिमाख कोल्हापुरात पुरता दिसतो. तिथे रिक्षा सजवणं ही कला आहे: चकचकीत स्टीलच्या पट्ट्या, आत मखमली छत, रंगीत दिवे, आरसे, फुलदाणी. सजवलेल्या रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात. सांगलीजवळच्या हरिपूरच्या यात्रेत तर रिक्षा उलट्या पळवायची शर्यत लागते. मागे मान वळवून, रिव्हर्स गिअरमध्ये, सुसाट. रोज रिकामं परत यावं लागतं त्याचा हा सूड असावा.

पडद्यावर आणि विधानभवनात

बंगळूरच्या अनेक रिक्षांवर आजही अभिनेते शंकर नाग यांचं चित्र दिसतं. १९८० च्या 'ऑटो राजा' या कन्नड चित्रपटात ते रिक्षावाला झाले आणि १९९० मध्ये अपघातात गेल्यानंतरही रिक्षावाल्यांनी त्यांना सोडलं नाही. आपण त्यांना 'मालगुडी डेज'चे दिग्दर्शक म्हणून ओळखतो. उमेदीच्या काळात ते मुंबईत मराठी रंगभूमीवरही वावरले होते. तमिळमध्ये १९९५ च्या 'बाशा'तला रजनीकांत यांचा रिक्षावाला असाच अमर झाला. शिवाजीराव गायकवाड या मराठी घरातल्या बस कंडक्टरने चेन्नईच्या रिक्षावाल्यांचा देव व्हावं, ही एक गंमतच. दोन्ही चित्रपटांत रिक्षावाला गरिबांचा कैवारी आहे. भाडं नाकारताना तो दिसत नाही.

महाराष्ट्राच्या राजकारणात रिक्षा उपमा म्हणून आली. २०१९ मध्ये तीन पक्षांचं सरकार आलं तेव्हा देवेंद्र फडणवीसांनी त्याला तीनचाकी रिक्षा म्हणून हिणवलं. रिक्षा हे गरिबांचं वाहन आहे आणि बुलेट ट्रेनपेक्षा आपण तीच निवडू, असं उत्तर उद्धव ठाकरेंनी दिलं. २०२२ मध्ये सरकार बदललं, आणि एकेकाळी ठाण्यात स्वतः रिक्षा चालवलेल्या एकनाथ शिंदेंनी रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकल्याचं जाहीर केलं. तीन वर्षांत रिक्षा टोमण्यापासून अभिमानापर्यंत पोहोचली. तेवढ्या काळात भाडंही वाढलं.

ॲप आल्यावर

ॲपमुळे नकार संपेल असं वाटलं होतं. तो फक्त तोंडातून बोटात गेला. आता "कुठे जायचंय?" हा प्रश्न फोनवर येतो, त्याच्या जोडीला "ऑनलाइन की कॅश?", आणि मग बुकिंग रद्द. नकाशावरची छोटी रिक्षा आपल्या दिशेने येते, वळते आणि दूर जाते. पूर्वी निदान मान हललेली दिसायची. रिक्षावाल्यांची तक्रार अशी, की ॲप कधी मीटरपेक्षा कमी भाडं दाखवतं आणि वर स्वतःचा वाटा कापतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बाइक टॅक्सीच्या विरोधात पुण्यातल्या रिक्षावाल्यांनी संप करून रस्ते अडवले तेव्हा हा राग उघड झाला. त्याच महिन्यात बंगळूरमध्ये 'नम्मा यात्री' हे कमिशन न घेणारं ॲप सुरू झालं. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारातून उभी राहिलेली रिक्षा पंचायत तर कित्येक वर्षं हेच सांगत आली, की रिक्षावाल्याला कष्टकरी म्हणून बघा.

एक बदल सावकाश होतोय. महाराष्ट्रात २०१६ मध्ये महिलांसाठी पाच टक्के परवाने राखून ठेवले गेले आणि त्यांच्या रिक्षांना अबोली रंग ठरला. सुरुवातीला काही पुरुष प्रवासी जवळ येऊन, चालक बाई आहे हे बघून, मागे सरकत. रिक्षाच्या इतिहासात प्रवाशाने रिक्षाला नाकारल्याची उदाहरणं तशी कमीच, त्यातलं हे एक.

हसू येत नाही तेव्हा

रात्री अकराला एकटी मुलगी, दवाखान्यातून निघालेला पेशंट, सामान घेऊन उतरलेलं म्हातारं जोडपं. यांना तीन रिक्षांनी नाही म्हटलं की वरचे सगळे विनोद फिके पडतात. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा रिक्षाचा नंबर, ठिकाण आणि वेळ टिपून आरटीओकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. नंबर नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही, म्हणून फोटो काढलेला बरा. बसल्यावरही मीटर शून्यावरून नव्हे तर किमान भाड्यावरून सुरू झाला आहे ना, हे एकदा बघावं. २५ ऐवजी ३१ दिसत असेल तर मीटर मागच्या प्रवाशाचा आहे. रिक्षात वस्तू विसरली तर तोच नंबर कामी येतो, आणि पैशांनी भरलेली पिशवी घर शोधत परत आणून देणाऱ्या रिक्षावाल्यांच्या बातम्या दर काही महिन्यांनी छापून येतात, त्या खऱ्या असतात.

आणि पाठीवरच्या लिखाणात एक ओळ अलीकडे बऱ्याच शहरांत दिसते. देवाच्या आणि मुलांच्या नावांखाली, लहान अक्षरांत: गरोदर महिला आणि अपंगांना दवाखान्यात मोफत. कुणी खाली फोन नंबरही दिलेला असतो. ही पाटी लावलेली रिक्षा थांबवून "स्वारगेट?" विचारलं, तर काका मान हलवून निघून जाऊ शकतात.